सणाची गोळी

१७ जून, मंगळवार

गजाननशी पुन्हा वाजलं. माझं फार्मसिस्टचं सर्टिफिकेट त्याच्या मेडिकलच्या भिंतीवर काचेत लावलंय. ते लागलं की काम झालं, असं या पुतण्याचं म्हणणं. "काकू, तुम्ही घरी आराम करा न. कागद हाय इथं." म्हटलं, गजानन, गोळी देताना कागद तोंड उघडतो का? सरकारी दवाखान्याच्या खिडकीत जन्म गेला माझा. निवृत्त झाले म्हणजे भिंतीवरचा फोटो झाले नाही. अकरा ते सहा मी बसणार.

पिंपळगावचा किशोर आला होता. दुखण्याच्या गोळ्या, पुन्हा. मागच्या महिन्यातही याच सुमाराला. त्याच्या आधीही.
"कोणाला लागतात?"
"घरीच लागत्यात."
"घरी म्हणजे कोणाला? बैलाला?"
हसला. मग मान खाली. "मंडळीला, मॅडम."
तोवर ग.नं पुडी बांधूनही टाकली होती.

१९ जून, गुरुवार

डोक्यातून जात नाही. ग.नं त्याला दोन वेगवेगळी पाकिटं दिली. नावं वेगळी, आत एकाच जातीचं औषध. आणि ती पोरगी दोन्ही एकदम घेत असणार. एकीनं थांबलं नाही की दुसरी. रिकाम्या पोटी. उपास तर कधी संपतच नाहीत बायकांचे. पोटात जखम होते, मूत्रपिंड जातं, आणि घरात कुणाला कळतही नाही. पित्त झालं म्हणतात.

लता आठवली. माझी धाकटी बहीण. तिला असंच व्हायचं, दर महिन्याला गुडघे पोटाशी. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, दुखणं देवाला अर्पण करा. मी विचारलं, देवाला दुसरं काही आवडत नाही का? वर्गाबाहेर उभी केली मला. लता अर्पण करत राहिली. तिशीत गर्भपिशवी काढली तिची. त्यानंतरही दुखायचंच. "ताई, आता तर आत काही उरलंच नाही, मग दुखतं काय?" असं विचारायची. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. ती नाही.

१५ जुलै, मंगळवार

किशोर आला. ठरवलंच होतं. म्हटलं, गोळ्या मिळणार नाहीत. आधी बायकोला घेऊन ये.
"ती कशी येईल मॅडम? बाया कुठं येतात मेडिकलला."
"मग दुखतं कुणाला, तुला?"
ग. तावातावानं, गिऱ्हाइकासमोरच: "काकू, तुम्ही गिऱ्हाईक हाकलून राह्यले."
किशोर तसाच गेला. मोटारसायकल स्टँडच्या दिशेनं वळली.

१६ जुलै, बुधवार

मूर्ख बाई. स्टँडजवळ दुसरं मेडिकल आहे. तिथं त्यानं घेतल्या असणारच. कालपर्यंत त्या दोन पाकिटांवर माझी नजर तरी होती. आता तीही नाही. जीभ चालवायची हौस भागली माझी, आणि तिकडे ती...

१९ जुलै, शनिवार

आली! बाजारच्या गर्दीत, सासूबरोबर. सव्वीसची असेल. गालफडं बसलेली, नखं पांढरी. नाव इथं लिहीत नाही, अ. म्हणते. औषधाच्या माणसानं नावं लिहू नयेत.

सासू कौसाबाई. दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, समद्याच बायांचं दुखतंय. आमचं काय दुखत नव्हतं? आम्ही नव्हतं लोळलो." ग.ला चहा सांगायला पिटाळलं. अ.ला आत फ्रिजमागं नेऊन खोक्यावर बसवलं. आडपडदा न ठेवता विचारलं. पाळीच्या आधीपासून दुखतं का? संडासला बसताना दुखतं का, त्याच दिवसांत? नवरा जवळ आला की दुखतं का? शौचाला काळं होतं का?

काळं नाही होत, म्हणजे पोटात जखम नाही. सुटले. बाकी सगळ्याला हो. पदर तोंडात धरून हो.
"मॅडम, हे कुणी इचारलंच न्हाई आजपातुर."
चार वर्षांची मुलगी आहे तिला. त्यानंतर हे वाढत गेलं.

सांगितलं: दोन पाकिटं एकदम बंद. एकच गोळी, जेवून, दुखणं चढायच्या आधी. ते डोक्यावर बसल्यावर नाही. शेकायचं. आणि जालन्याला लेडी डॉक्टरकडे जायचं, कारण गोळीनं दुखणं झाकतं, जात नाही. कौसाबाईंना बाहेर येऊन तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "जालन्याचा खर्चा कोण करील?" म्हटलं, सरकारी आहे. आणि सुनेचं झालं नाही तर रोज भाकरी कोण करील?
हे लागलं बराबर.

२८ जुलै, सोमवार

जाऊन आले तिघं. सोनोग्राफी झाली. मला जे वाटलं होतं तेच. पिशवीच्या आतलं अस्तर बाहेर जाऊन चिकटलंय, अंडाशयाला, बहुतेक आतड्यालाही. दर महिन्याला तेही रक्त सोडतं, पण त्याला वाट नाही. आतल्या आत. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. काही महिने हार्मोनची गोळी, सकाळ-संध्याकाळ, पाळी येऊच द्यायची नाही. मग परत दाखवायचं.

बरोबर निघालं म्हणून आनंद व्हावा ना माणसाला? पट्टी कपाटातून काढताना लताच डोळ्यांसमोर.

काउंटरला गर्दी. कौसाबाई मागेच उभ्या. किशोरनं विचारलं, "मॅडम, ही गोळी कशाची म्हणायची?"
"पाळी थांबवायची. रोज द्यायची. खाडा करायचा नाही."
"बराबर," म्हणाला.
अ.ला वेगळं विचारून घेतलं: पाय सुजतात का, कधी कावीळ झाली होती का, दिवस गेलेले नाहीत ना. नाही, नाही, नाही. माझा नंबर दिला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अ.चा फोन. कुजबुजत. "मॅडम, डाग पडून राह्यले. बंद करू का?" म्हटलं, बिलकुल नाही. सुरुवातीला पडतात. जास्त झालं, चक्कर आली, पोटरी दुखून सुजली, तर लगेच सांग. एरवी चालू.
फोन ठेवला आणि मनात आलं, डाग नसून दुसरं काही असलं तर? तिथून इथवर जीप भरल्याशिवाय सुटत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

अ.चा फोन. दुखलं नाही. या वेळी दुखलंच नाही! "कापसात खुरपायला गेल्ते मॅडम, दिवसभर." पोरीचा आवाजच वेगळा. मागं तिची लेक काहीतरी गात होती.

ग.ला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे आता दुखण्याच्या गोळ्या घेणार न्हाईत त्या." धंद्याचा माणूस. तरी जाताना माझ्यासाठी गरम भजी घेऊन आला.

भीती मात्र आहे तिथंच. चांगलं चाललंय म्हटलं की मला घाबरायला होतं. सवय.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले, रविवारी महालक्ष्म्या येणार. सकाळपासून रांग. सगळे पुरुष, सगळ्यांचा आवाज बारीक: "ते... पुढं ढकलायची गोळी." सणात घरात कुणी बाजूला बसायला नको म्हणून. ग. खतासारखा साठा करतो या दिवसांत. तरी दुपारी संपल्या. प्रत्येकाला विचारते, कुणाला, वय काय, बीपी आहे का, पाय सुजतात का. तोंडं पाहण्यासारखी. एकजण म्हणाला, "मॅडम, गोळी मागितली, सोयरीक न्हाई."

तीच गोळी. अ.ला दुखण्यासाठी, यांना सणासाठी. एकीला महिनोन्‌महिने, दुसरीला चार दिवस. बाप्यांना दोन्ही सारखंच, बायकांची भानगड.

शेवटी शेवटी कौसाबाई आल्या. इतरांसारखीच मागणी. संपल्या म्हटलं. "असू द्या असू द्या, बघते घरात," म्हणाल्या आणि हळदीकुंकवाचं बोलावणं देऊन गेल्या. बोलावणं पाहून बरं वाटलं. माणूस बदलतं, म्हटलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

किशोर धावत आला. घामानं भिजलेला. रक्त थांबेना, मंडळी भिंतीला डोकं आपटून राह्यली, इंजेक्शन द्या. इंजेक्शन देत नाही, म्हटलं, तिला आत्ता दवाखान्यात ने. गोळ्या चालू होत्या ना?
"संपल्या."
"संपतील कशा? दोन महिन्यांच्या दिल्या होत्या, अजून उरायला हव्यात."
त्यानं रुमालानं मान पुसली.
"किशोर."
"औषध लागू पडत न्हाई मॅडम. आमची मोठी भावजय बी तेच म्हणती."
ग.नं त्याच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा, आणि आपली गाडी बाहेर काढली. दोघं गेले. मी दुकानात. कुणी खोकल्याचं औषध मागत होतं, मी त्याला दोनदा थर्मामीटर काढून दिलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

इथल्याच, घनसावंगीच्या दवाखान्यात रात्रभर ठेवली होती. सलाईन लावली. रक्तस्राव थांबला. घरी आणलं.

अ.चा फोन आला. सासूबाईंनी महालक्ष्म्यांच्या आधी उरलेली पाकिटं फोडून वाटली. मोठ्या जावेला, नणंदेला, आणि चुलतसासूच्या सुनेला. "घरातच हाईत त्या गोळ्या, इकत कशाला? आन तुझी तर थांबलीच हाय आता." अ. काय बोलणार? सोवळ्याच्या सणात, सासूला. सणाच्या पुढच्याच दिवशी तिची सुरू झाली. धबधब्यासारखी, तिचा शब्द.

बघते घरात.

माझ्याच काउंटरसमोर उभं राहून म्हणाल्या त्या, आणि मी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन हसत बसले. आणि मीच, माझ्या तोंडानं, गर्दीसमोर सांगितलं होतं: पाळी थांबवायची गोळी. तीच पट्टी, तेच नाव. त्या बाईनं दुसरं काय समजायचं? दुखणं हा शब्दच मी उच्चारला नव्हता. अ. म्हणाली, मोठी जाऊ बीपीची आहे, तिचे पाय सुजतात. तिलाही दिल्या. तिला काही झालं नाही हे तिचं नशीब, माझं काही नाही त्यात.

जेवण गेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

ज्याची भीती होती तेच. पिशवी काढायचं ठरलं. किशोरच्या मेव्हण्याची कुठल्यातरी खासगी दवाखान्यात ओळख आहे. किशोरच सांगून गेला: "कटकट संपंल एकदाची. एक लेकरू हाय, बस." पितृपंधरवडा चालू आहे म्हणून थांबलेत. घट बसले की दुसऱ्या दिवशी दाखल. पितरांचे उपकार मानायची वेळ आली माझ्यावर.

मी अ.ला फोन केला. वाटलं होतं रडेल, वाचवा म्हणेल. ती म्हणाली, "मॅडम, काढू द्या. मला न्हाई आता सहन होत."
शरीर तिचं आहे. पण तिला वाटतंय की पिशवीबरोबर दुखणं जाईल. लतालाही तसंच वाटलं होतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पिंपळगावला गेले. जीपमध्ये पुढच्या सीटवर चौथी, गिअर गुडघ्याला. सगळ्या वाटेत घोकत होते काय बोलायचं. पोचले तेव्हा काही आठवेना.

कौसाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी बसले.
"गोळ्या वाटायला नको होत्या," मी.
"तुम्हीच म्हणल्या पाळी थांबवायची हाय. सण आल्ता घरात. आमाला काय सपन पडतंय का?"
"चूक माझी. मी अर्धंच सांगितलं."
हे ऐकून त्या थबकल्या. भांडायची तयारी वाया गेली. मग मी सगळं सांगितलं. ती गोळी हिच्या दुखण्याची आहे, मधेच तोडली की असंच उसळणार. औषध हरलेलं नाही, पुरतं मिळालंच नाही. पिशवी काढली तरी बाहेर चिकटलेलं आतच राहू शकतं. माझ्या बहिणीचं सांगितलं.

"माझी काढली की," कौसाबाई म्हणाल्या. "धाकटा झाल्यावर. मेले का मी?"
"कंबर कशी आहे?"
शेंगा फोडायच्या थांबल्या. "कंबरेचं नाव घेऊ नका. तवापासून वाकता येत न्हाई. आग आग होती अंगाची. पर कुणाला सांगाव?" मग एकदम, "तुम्हाला काय वाटतं, मी तिच्या वाइटावर हाय? पोरगी लोळती, मला बघवत न्हाई. भ्या वाटतं. एखाद्या दिवशी मरून पडंल आन माझ्या माथी येईल."
मलाही तेच भय वाटतं, असं म्हणाले मी. मीही चार शेंगा फोडायला घेतल्या.

अ. दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "गोळ्या परत घेतल्या तर बरं वाटंल, खात्री द्या मॅडम."
नाही देता आली. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, म्हटलं. आधी बरं वाटलं होतं, एवढं मात्र खरं. काढायचं का ठेवायचं ते तू ठरव, पण जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना एकदा विचारून, आणि काढल्यावर काय काय होतं ते माहीत करून घेऊन. सव्वीस म्हणजे काही वय नाही.
पोरीनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

परत येताना कौसाबाईंनी पिशवीत शेंगा घातल्या. न विचारता.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिदिन. तहसीलला झेंडावंदन, दुकान अर्धा दिवस. ग.कडून फ्रिजशेजारी दोरी बांधून घेतली, माझी जुनी हिरवी साडी पडदा म्हणून. आत स्टूल. "काकू, हे मेडिकल हाय का पार्लर?" तरी खिळे त्यानंच ठोकले, आणि सरळ ठोकले.

आता गोळी देताना समोरच्याकडून परत वदवून घेते. कुणाची, कशासाठी, कधी, आणि दुसऱ्या कुणालाही नाही. बाप्ये वैतागतात. वैतागोत. दोन बाया आपण होऊन पडद्याआड आल्या. एकीची गोष्ट अ.सारखीच. तिलाही जालन्याचा पत्ता लिहून दिला.

पिंपळगावहून काही कळलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

उद्या घट.

सहाच्या सुमारास किशोर. दवाखान्याची यादी काढेल म्हणून मी काउंटर धरून उभी होते. सलाईन, सुया, टाके. त्यानं खिशातून डॉक्टरीणबाईंची जुनी चिठ्ठी काढली. "ती गोळी द्या मॅडम."
इतकं बरं वाटलं की चिठ्ठी हातातून ओढूनच घेतली. म्हटलं, तिनं पाठवलं?
"न्हाई. आईनं आणाया सांगितली."
"कोणासाठी?"
"ते न्हाई सांगितलं तिनं."
"परवाचं दाखल व्हायचं रद्द केलं का?"
"आई म्हणली, आधी गोळी आण. मंग बघू."

आधी गोळी. कशाच्या आधी? दवाखान्याच्या, की घटाच्या? नऊ दिवस माळ, नंदादीप, घरात तीन सुना. ती शेंगा देणारी बाई मला समजलीय असं मी शपथेवर सांगू शकत नाही. नाही दिली, आणि अ.साठीच असली, तर परवा ती टेबलावर. दिली, आणि सणासाठी असली, तर मी पुन्हा तेच केलं.

अ.ला फोन लावला. बंद. कौसाबाईंकडे फोन नाही.

दिली. किशोरला तिथंच उभा करून वदवून घेतलं.
"कुणाची?"
"तिची."
"कशासाठी?"
"दुखण्याची. सणाची न्हाई."
"आणि दुसऱ्या कुणाला?"
"कुणालाच न्हाई, मॅडम."
शाळेतल्यासारखं म्हणाला. बराबर म्हणाला. पण घरात पट्टी तो फोडणार नाही, कौसाबाई फोडणार.

ग. म्हणतो, काकू, शटर ओढू का, साडेसहा होऊन गेले. थांब म्हटलं. तो काही न बोलता स्टुलावर बसलाय. फोन काउंटरवर ठेवलाय, आवाज मोठा करून. किशोर पोचला असेल आता. पट्टी घरात गेली असेल. देव्हाऱ्याजवळ ठेवली असेल, नाहीतर अ.च्या उशाशी. फोन वाजेपर्यंत कळायचं नाही.